सोळा तोंडं, सोळा पवित्रे

आजचा विषय गेममधले काल्पनिक प्राणी. निवृत्त फौजी माणसाचा इथे काय संबंध, असं वाटेल. पण मी सिग्नल्सचा, आणि नातू गेम बनवतोय, म्हणून मीही शिकलो.

'नो मॅन्स स्काय' हा गेम २०१६ साली आला. त्यात ग्रह किती? १८ वर १८ शून्यं, त्याहूनही जास्त. ते कुणी एकेक काढलेले नाहीत, साठवूनही ठेवलेले नाहीत. एक आकडा द्यायचा, त्याला सीड म्हणतात. त्या आकड्यावरून संगणक नियमाने तोच ग्रह दर वेळी उभा करतो. सांकेतिक संदेशात दोन्ही टोकांना किल्ली एकच असली की इकडचं तिकडे तंतोतंत उमटतं, तसंच. प्राण्यांचंही तेच. सांगाडे ठरलेले, त्यावर डोकं, शेपूट, कातडी आकड्याप्रमाणे बसते.

हे ऐकून मला 'अपराजितपृच्छा' आठवली. साधारण बाराव्या शतकातला शिल्पशास्त्राचा ग्रंथ. त्यात देवळावरच्या व्यालांचा हिशोब आहे. धड सिंहाचं, तोंड मात्र सिंह, हत्ती, घोडा, माणूस, अगदी पोपटाचंसुद्धा. अशी १६ तोंडं आणि प्रत्येकाचे १६ पवित्रे. झाले २५६! खजुराहोला भिंतीच्या खाचांत हे व्याल पाहा. तोंडं बदलतात, पण धड आणि जागा ठरलेली, म्हणून सगळे एकाच पलटणीचे वाटतात. नवीन मुलं इथेच घसरतात. सगळंच बदलू देतात, मग पंख, शिंगं, सोंड यांची नुसती भेळ होते. आधी काय बदलणार नाही ते लिहून काढा.

आणि प्राण्याला ड्यूटी द्या. आपल्याकडे किल्ल्याच्या दरवाजावर शरभ असतो. जंजिऱ्याला त्याच्या पंजांत हत्ती आहेत. तो तिथे का आहे, हे कुणाला सांगावं लागत नाही. तोच शरभ जंगलात मोकाट सोडला तर नुसता विचित्र वाघ.

आता अडचणीचा मुद्दा. आमच्या जबलपूर जिल्ह्यात मझौलीला विष्णुवराहाचं जुनं देऊळ आहे, कलचुरी काळातलं. वराह पूर्ण पशुरूपात. अशा वराहांच्या अंगावर देवदेवतांच्या ओळीच्या ओळी कोरतात; खजुराहोच्या वराहावर ६७४ आकृत्या मोजल्यात. नातवाने हे रूप शिकारीच्या प्राण्यांच्या यादीत घातलं होतं. मी म्हटलं, काढ. तो म्हणाला, "आजोबा, डुकराचं तोंड तर तुमच्या त्या १६ मध्येच आहे."

बरोबर होतं त्याचं. पण शूकरव्याल हा तोंड बदललेला सिंह आहे, पहाऱ्यावरचा शिपाई. वराहाचं तसं नाही. त्याने पृथ्वी वर काढली, सगळं जग त्याच्या अंगावर आहे. त्यातला एक भाग बदलला की तो वराहच राहत नाही. शिवाय मझौलीत त्याची आजही पूजा होते. लोक ज्याच्यापुढे हात जोडतात, त्याच्यावर गोळ्या झाडून गुण मिळवायचे, हे मला पटत नाही. कायद्याच्या भीतीने नाही, शेजारधर्माने म्हणतोय.

शेवटी आम्ही दोन याद्या केल्या. व्याल, शरभ, गंडभेरुंड पहिल्या यादीत. त्यांची तोंडं सीड ठरवणार. वराह दुसऱ्या यादीत. तिथे सीड चालत नाही. खेळणारा कुठल्याही जगात जावो, वराह तसाच असतो, आणि त्याच्या आवारात शिरलं की बंदूक उचलता येत नाही.