दरवाजाच्या जागी उभं राहिलेलं कपेल

पेडणे किंवा डिचोलीहून जुन्या गोव्याला गेलात, की सेंट फ्रान्सिस आसीस चर्चच्या पश्चिमेला थोडं उतरा. तिथं जांभ्या दगडाचं, दोन मनोऱ्यांचं सांता कातारीनाचं कपेल आहे. एका लढाईची ही आठवण.

पोर्तुगीज गव्हर्नर आफोंसो द आल्बुकेर्कनं 1510 मध्ये गोवा दोनदा घेतला. होन्नावरच्या तिमोजाची त्याला साथ होती. पहिल्यांदा आदिलशाही फौजेनं त्याला हुसकावलं. पुन्हा आला तो 25 नोव्हेंबरला, सेंट कॅथरिनच्या सणादिवशी. त्याच विजयाची खूण म्हणून हे कपेल आलं. पुढं 1550 मध्ये गव्हर्नर जॉर्ज काब्राल यानं ते नव्यानं बांधून घेतलं. आल्बुकेर्क ज्या दरवाजातून शहरात शिरला तो इथंच होता, असं तिथला शिलालेख सांगतो.

शिलालेख बोलतो ते जिंकणाऱ्याच्या बाजूनं. शहर पडल्यावर इथल्या मुसलमानांची कत्तल झाली आणि खुद्द आल्बुकेर्कनं ती पोर्तुगालच्या राजाला पत्रातून कळवली. मला वाटतं, कपेल पाहताना हे पत्रही आठवायला हवं, कारण त्या मृतांचं नाव इथल्या दगडावर नाही.

आणि आपले पेडणे-डिचोली? ते पोर्तुगीज सत्तेखाली गेले अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, ‘नव्या काबिजादी’ म्हणून. म्हणजे या लढाईनंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी.