गाडीचा ब्रेक आपल्यालाही कळतो
(प्रभाग संघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज बचत आणि परतफेड यावर मी बोलणार नाहीये. आज बोलायचंय आपल्या संघाच्या गाडीबद्दल.

मागच्या सभेत ब्रेकच्या कामाचं बिल मंजुरीला आलं. वाचून झालं, सगळ्यांनी हात वर केले, ठराव झाला. लायनर म्हणजे काय, का बदलले, जुने कुठे गेले, एकीनंही विचारलं नाही. चहा-बिस्किटाचं बिल असतं तर चार जणी तरी बोलल्या असत्या! नंतर एक मावशी म्हणाल्या, “गाडीतलं आपल्याला काय कळतंय?” मला हे पटत नाही. पिठाच्या गिरणीचा आवाज बदलला की तुम्ही ओट्यावर बसूनच सांगता, पट्टा सैल झालाय म्हणून. तोच कान इथं लावायचा.

आणि हा नुसता बिलाचा प्रश्न नाही. आपला माल कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जातो. दोघी जणी ड्रायव्हरशेजारी बसतात, बाकीच्या वडापनं जातात. जीव आपला आहे.

आधी ब्रेक लागतो कसा ते बघू. पायडल दाबलं की त्याचा जोर ब्रेक ऑइलमधून, बारीक नळ्यांतून चाकापर्यंत पोचतो. बहुतेक छोट्या गाड्यांना पुढच्या चाकाशी लोखंडी तबकडी असते, ती डिस्क. तिला दोन बाजूंनी पॅड चिमट्यासारखे धरतात. मागं ड्रम असतो, त्याच्या आत लायनर घासतात. पॅड आणि लायनर झिजणारच, चपलेच्या तळासारखे. नवीन पॅडचा घासणारा थर साधारण 10 मिलिमीटर असतो. तो 3 मिलिमीटरवर आला, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन नाण्यांएवढा राहिला, की बदलायचा.

आता आवाज. पावसाळ्यात गाडी रात्रभर उभी राहिली की डिस्कवर गंज धरतो. सकाळी पहिले दोन-तीन ब्रेक घासल्यासारखे वाजतात आणि मग गप्प होतात. त्याला घाबरायचं नाही. पण ब्रेक दाबला की रोज बारीक, कानात घुसणारी किरकिर येत असेल, तर पॅड संपत आलेत. बऱ्याच पॅडना मुद्दाम एक लोखंडी पट्टी लावलेली असते, थर पातळ झाला की ती डिस्कला लागून ओरडते. तेव्हाच काम केलं तर पॅडवर भागतं. दुर्लक्ष केलं की जाड ‘खर्र खर्र’ सुरू होतं. म्हणजे लोखंडावर लोखंड घासतंय, डिस्कही गेली, आणि बिल कितीतरी वाढलं. असा आवाज येत असेल तर गाडी घाटात न्यायचीच नाही.

दुसरी गोष्ट ड्रायव्हरच्या पायाकडे बघून कळते. प्रत्येक वेळी ब्रेक लागायला तो दोन-तीनदा पंप मारतोय का? पायडल मऊ लागतंय, खाली खाली जातंय, असं म्हणतोय का? मग नळीत हवा शिरलीय किंवा ऑइल गळतंय. “पंप मारला की लागतोय की” हे उत्तर मान्य करू नका. माझ्या मते किरकिरीपेक्षा हे जास्त धोक्याचं आहे, कारण याला आवाजच नसतो. तसंच ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा पायडल थरथरत असेल, तरी गॅरेजला दाखवायची. आणि उतारावर चाकाखाली दगड ठेवतात ना? जास्तीची काळजी म्हणून ठेवला तर चांगलंच आहे. पण हँडब्रेक धरत नाही म्हणून रोज दगड लागत असेल, तर तेही काम निघालंय.

ब्रेक ऑइलची डबी बॉनेटखाली असते. तिच्यावर वरची आणि खालची अशा दोन रेषा असतात. पॅड झिजतील तशी पातळी हळूहळू उतरते. चार-आठ दिवसांत भरकन उतरली तर गळती आहे. नुसतं ऑइल ओतलं म्हणजे दुरुस्ती झाली नाही, चाकांची आतली बाजू ओली आहे का बघायला सांगा. झाकणावर डॉट 3, डॉट 4 असं लिहिलेलं असतं, तेच ऑइल घालायचं. इंजिनाचं ऑइल चुकूनही नाही, आतले रबर फुगून खराब होतात. हे ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी पूर्ण बदलतात. घाटात ब्रेक तापले की त्या ओलीची वाफ होते आणि पायडल अचानक खाली जातं.

डिझेल वाचवायला इंजिन बंद करून घाट उतरायची खोड काहींना असते. दोघींपैकी एकीनं तरी तिथल्या तिथं बोला. ब्रेक हलका लागावा म्हणून जी मदत असते, ती चालू इंजिनमुळं मिळते. इंजिन बंद झालं की दोन-तीन दाबांत पायडल दगडासारखं घट्ट होतं. खालच्या गिअरमध्येच उतरायचं. जळका वास आला तर मोकळ्या जागी थांबा, ब्रेक आपोआप गार होऊ द्या. वर पाणी ओतू नका, तापलेलं लोखंड तडकतं.

आता आपल्या सभेचं. बिलावर पॅड, लायनर, ऑइल, मजुरी वेगवेगळं लिहून घ्या, जुने पॅड परत मागा, वहीत तारीख आणि किलोमीटर लिहा. पण दुसरी बाजूही आहे. आपल्या ड्रायव्हर दादांनी किरकिर आधीच सांगितली होती, आणि आपण म्हणालो, सभेत बघू. सभा महिन्यातून एकदा! ब्रेक तोवर थांबणार आहे का? म्हणून आज विषयपत्रिकेवर एक ठराव ठेवलाय. ब्रेकचं काम निघालं तर अध्यक्ष आणि कोषाध्यक्षांनी ठरलेल्या रकमेपर्यंत लगेच खर्च करावा आणि पुढच्या सभेत बिल व जुने भाग दाखवावेत. रक्कम किती, ते तुम्ही ठरवा.

चहानंतर सगळ्यांनी अंगणात या. ड्रायव्हर दादा बॉनेट उघडून डबी दाखवणार आहेत. रेषा बारीक आहेत, चष्मा असेल त्यांनी बरोबर आणा.