कात्री

पहाटेच्या एसटीने सांगली-मिरजेहून आलेले प्राध्यापक आणि विद्यार्थीमित्रहो,

माहुलीला वेण्णेला पोटात घेऊन कृष्णा खाली सांगलीकडे जाते. आज तुम्ही तिच्या उलट वर आलात. साताऱ्यात तुमचं मनापासून स्वागत! कंदी पेढे दुपारी मिळतील. भडंग तुम्ही आणलं असेल, असं धरून चालतो.

मी शास्त्रज्ञ नाही, औषधाचा दुकानदार. नव्वदच्या सुमारास सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक आलं, तेव्हा गिऱ्हाईक म्हणायचं, "दोनच द्या, लागल्या तर परत येतो." मी कात्रीने पट्टी कापून द्यायचो. दोन गोळ्यांत बरं वाटायचं, परत कुणी यायचं नाही. जिवाणू औषधांना दाद देईनासे होतात, या आजच्या विषयात माझा वाटा तो एवढा.

तशीच एक कात्री जिवाणूच्या पोटातही असते, हे फार उशिरा कळलं. ई. कोलायचा डीएनए सरळ केला तर सुमारे दीड मिलिमीटर भरतो. जिवाणू स्वतः त्याहून कित्येकशे पट छोटा. चऱ्हाट एका बाजूने उकलायला घ्या, पुढचा पीळ आवळत जातो. डीएनए उकलतानाही तेच. मग गायरेज हे विकर डीएनएचे दोन्ही धागे कापतं, मधून दुसरा पदर काढतं आणि पुन्हा सांधतं. मार्टिन गेलर्ट यांच्या गटाने हे विकर १९७६मध्ये शोधलं. सिप्रो नेमकी कापल्या क्षणी तिथे अडून बसते आणि सांधू देत नाही. आपल्या पेशींतलं विकर निराळ्या घडणीचं, म्हणून आपण वाचतो. पण गायरेजमधलं एखादंच अमिनो आम्ल बदललं तरी गोळीची पकड सुटू लागते. अशा जिवाणूंना आम्ही दोन-दोन गोळ्यांनी रान मोकळं करून दिलं.

तरीही गायरेजचा नाद सोडावा, असं मला वाटत नाही. वोक्हार्टचं लेव्होनाडिफ्लॉक्सासिन त्यावरच काम करतं आणि मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसलाही मारतं. २०२०मध्ये त्याला भारतात परवानगी मिळाली. जेपोटिडासिन त्याच विकराला दुसऱ्या जागी धरतं. अमेरिकेने ते मार्च २०२५मध्ये मंजूर केलं.

या परिषदेला सांगलीकडून हळदीवरचे निबंध बरेच आलेत. हळद आपलीच, पण तिच्यातलं कर्क्युमिन चाचण्यांना चकवतं, हे तुम्ही माझ्याहून जास्त जाणता. तेव्हा बशीतल्या पाळीव जिवाणूंवर थांबू नका. मिरजेच्या वॉर्डांतले हट्टी जिवाणू आणि साताऱ्याच्या प्रयोगशाळेतली संयुगं यांची गाठ घाला. निदान दुपारच्या चहाला त्या दोन्ही बाजूंच्या माणसांनी एका टेबलावर बसावं.

बीजभाषणाची वेळ मी खाल्ली, तर संयोजक मलाच कात्री लावतील. बसतो.