जगलेल्या रोपाचा हिशेब



वृक्षारोपणाचे समारंभ पुष्कळ होतात. परंतु लावलेल्या रोपांपैकी वर्षअखेर किती जगली, हा हिशेब क्वचितच मांडला जातो. केनियातील वांगारी मथाई यांनी नेमका हाच हिशेब महत्त्वाचा मानला. १९७७ साली त्यांनी हरित पट्टा चळवळ आरंभिली. जळणासाठी दूरवर पायपीट करणाऱ्या ग्रामीण स्त्रियांना त्यांनी बी गोळा करणे, रोपवाटिका वाढविणे शिकविले. या कामास पदविकाधारकच हवेत, असे वनखात्याचे मत होते. स्त्रियांनी पदविकेविना वने उभी केली. त्यांना मिळणारा अल्प मोबदला रोप लावल्याचा नव्हे, तर रोप जगल्याचा असे. या चळवळीतून पाच कोटींहून अधिक वृक्ष लागले. २००४ साली मथाईंना नोबेल शांतता पुरस्कार लाभला.

म्हणून युवकांच्या हाती रोप देताना सोबत एक वहीही द्यावी. पाणी, आळे, कुंपण, खत यांची नोंद निदान तीन वर्षे ठेवावी. रोप जळाले तर त्याचे कारणही लिहावे. कारण नफ्याइतकेच तोट्याचे खातेही शिकविते. लावणे हा एका सकाळचा उत्सव आहे. जगविणे हे शिक्षण आहे.