टिचकी आपली, खतावणी त्यांची
(भोर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



भोर-वेल्ह्याच्या कार्यकर्त्यांसमोर पाणी, जमीन आणि पुनर्वसन हे विषय सोडून हा गृहस्थ गुगलवर काय बोलणार, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. परंतु संपत्ती निर्माण कोण करतो आणि ती साठते कोणाच्या हाती, हा आपला जुनाच प्रश्न आज खिशातल्या मोबाईलमध्ये येऊन बसला आहे.

प्रथम यंत्रणा समजून घेऊ. वेल्ह्याचा एखादा शेतकरी भातावरील करपा रोगाचा उपाय मोबाईलवर शोधतो. यादी येते. त्यातील राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या दुव्यावर तो टिचकी मारतो. आपण थेट विद्यापीठाच्या दारात गेलो, अशी त्याची समजूत असते. पुष्कळदा तसे घडत नाही. दुव्यावर पत्ता विद्यापीठाचा दिसतो. परंतु बोट टेकताच त्या जागी गुगलचा स्वतःचा एक लांबलचक पत्ता येतो. विद्यापीठाचा पत्ता त्याच्या पोटात असतो आणि सोबत काही सांकेतिक अक्षरे असतात. मागणी आधी गुगलच्या यंत्राकडे जाते. कोणत्या शोधातून, यादीतल्या कोणत्या दुव्यावर, केव्हा टिचकी पडली, याची तेथे नोंद होते आणि मगच माणूस पुढे धाडला जातो. हे सारे निमिषार्धात घडते. बिंग आणि याहू यांचे दुवेही असेच स्वतःच्या दारावरून वळवलेले असतात. काही ब्राउझरांत तर हा वळसाही लागत नाही. माणूस सरळ पुढे जातो आणि नोंदीची चिठ्ठी परस्पर कंपनीकडे पोहोचते.

पुण्याच्या वाटेवरील खेड शिवापूरचा टोलनाका आपणांस ठाऊक आहे. तो नाका निदान डोळ्यांना दिसतो, तेथे किती पैसे गेले ते कळते. म्हणूनच त्याविरुद्ध या भागातील लोकांना आंदोलन करता आले. येथे नाका दिसत नाही आणि पैसाही मागितला जात नाही. मग मोर्चा न्यायचा कोठे?

कंपनी म्हणते की, सेवा सुधारण्यासाठी ही नोंद लागते. हे म्हणणे खोटे नाही. लोक कोणते पान निवडतात आणि कोणत्या पानावरून लगेच परततात, हे कळल्यावाचून चांगले पान वर कसे येणार? परंतु याचाच अर्थ असा की, ती यादी सुधारते ती लोकांच्या निवडीमुळे. अमेरिकन सरकारने 2020 साली गुगलविरुद्ध मक्तेदारीचा खटला भरला. त्याच्या सुनावणीत 2023 साली उघड झाले की, ‘नॅव्हबूस्ट’ नावाची गुगलची यंत्रणा तेरा महिन्यांच्या टिचक्या ध्यानात ठेवून निकालांचा क्रम ठरवण्यास मदत करते. जितके लोक अधिक तितक्या नोंदी अधिक, आणि जितक्या नोंदी अधिक तितके लोक अधिक, असे हे चक्र आहे. ते आपल्याच अंगणात फिरावे म्हणून गुगलने 2021 या एका वर्षात फोन आणि ब्राउझर बनविणाऱ्यांना 26 अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम मोजली. 5 ऑगस्ट 2024 रोजी न्यायाधीश अमित मेहता यांनी ही मक्तेदारी बेकायदा रीतीने टिकविल्याचा निर्णय दिला आणि सप्टेंबर 2025 मध्ये या नोंदींपैकी काही भाग पात्र प्रतिस्पर्ध्यांना देण्याचा आदेश दिला.

आपल्याकडेही स्पर्धा आयोगाने शोधनिकालांतील पक्षपाताबद्दल 2018 मध्ये गुगलला सुमारे 136 कोटी रुपये दंड केला. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि 2023 मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. परंतु हा कायदा एकेका व्यक्तीच्या संमतीची भाषा बोलतो. एका शेतकऱ्याच्या एका टिचकीला बाजारात मोल नाही; मोल आहे ते कोट्यवधी टिचक्यांच्या साठ्याला. त्या साठ्याचा धनी कोण, याचे उत्तर एकेकाच्या संमतीतून मिळत नाही.

भोरकरांना हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. भाटघरचे धरण इंग्रजी अमदानीत झाले. पाऊस पडतो या डोंगरांत, जमिनी बुडाल्या या खोऱ्यातल्या, आणि कालवे गेले बारामती-फलटणकडे. खालच्या शेतकऱ्याचे पाणी तोडावे, असे येथे कोणी म्हणणार नाही. प्रश्न वाटपाचा आणि निर्णयाच्या अधिकाराचा आहे. ओहोळ एकेकटा क्षुद्र असतो. सत्ता असते ती धरणाच्या दारांवर. टिचक्यांच्या धरणालाही हाच न्याय लागू आहे.

मग कार्यकर्त्यांनी काय करावे? गावात चार माणसे जमली की, निकालातल्या दुव्याचा पत्ता नकलून तो कोरा करून वाचून दाखवावा. कित्येकदा कंपनीचे नाव त्याच्या आरंभीच सापडेल. सातबारा, पीकविमा यांसारख्या सरकारी कामांचे पत्ते लोकांना लिहून द्यावेत, म्हणजे प्रत्येक वेळी नाक्यावरून जावे लागणार नाही. आणि मागणी करावी ती अशी: कोणती नोंद होते व ती किती काळ राहते, हे मराठीत स्पष्ट सांगितले पाहिजे, तिची तपासणी स्वतंत्र सार्वजनिक यंत्रणेने केली पाहिजे, आणि व्यक्तीची ओळख पुसून हा साठा विद्यापीठांना, सहकारी संस्थांना व नव्या उद्योगांना खुला झाला पाहिजे.

मोबाईल फेकून द्या, असे मी सांगत नाही. धरण फोडा, असे आपण कधी म्हटले नाही. पाण्याचा हिशेब मात्र मागितला, आणि तोच हिशेब येथेही मागितला पाहिजे.