स्वप्नातून आलेली खूण

एप्रिल १९७५. इंग्लंडच्या हल विद्यापीठात ॲलन वॉर्स्ली झोपले होते, डोळ्यांशेजारी तारा चिकटवून. अचानक डोळ्यांची हालचाल टिपणाऱ्या कागदावरची रेघ हलली: डोळे डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. ‘हे स्वप्न आहे, मला कळतंय’ हे सांगणारी, आधीच ठरलेली खूण!

स्वप्नाच्या झोपेत हातपाय लुळे पडतात, डोळे मात्र फिरतात. संशोधक कीथ हर्न यांनी नेमकं हेच हेरलं. किती साधी, किती सुंदर युक्ती!

पुढे अमेरिकेत संशोधक स्टीफन लाबर्ज यांनी स्वप्नातच स्वप्न ओळखायला शिकण्याची रीत बसवली. पहाटे स्वप्नातून जाग आली, की ते नीट आठवायचं. मग ‘पुढचं स्वप्न पडताना मला ओळखू येईल’ असं मनाशी घोकत पुन्हा डोळे मिटायचे. आणि स्वप्न विरू लागलंच, तर स्वप्नातलेच तळहात एकमेकांवर चोळायचे.