उजळलेले दात आणि जुने सिमेंट
(ज्ञातिसंमेलनातील भाषण)



दंतवैद्यकावर बोलण्याचा मजसारख्या मॅट्रिक झालेल्या निवृत्त शिक्षकास अधिकार नाही. परंतु गतवर्षी आमच्या घरी जे घडले ते कोणाच्याही घरी घडण्याजोगे असल्यामुळे चिटणीसांचा आग्रह मला मोडवला नाही.

माझी नात साताऱ्याची. तिचे लग्न सांगलीस ठरले. लहानपणी पडून तिच्या पुढच्या दाताचा कोपरा उडाला होता व तेथे दाताच्या रंगाचे सिमेंट भरले होते. इतकी वर्षे ते कोणाच्या ध्यानीही आले नाही. लग्नास दहा दिवस उरले असता तिने दात उजळून घेतले. दात शुभ्र झाले. सिमेंट मात्र पूर्वीसारखेच पिवळसर राहिले. मुलगी तोंडापुढे हात धरून बोलू लागली. माझ्या आईचे दात मिश्रीने काळवंडलेले होते, तरी ती मनमोकळी हसत असे, हे मला त्या वेळी राहून राहून आठवले.

दात उजळण्याचे औषध म्हणजे पेरॉक्साइड. ते दातात झिरपून तेथील रंगद्रव्ये फोडते. सिमेंट म्हणजे राळ आणि काचेचे सूक्ष्म कण. अमेरिकन संशोधक बोवेन यांना १९६२ साली ज्या राळेचे पेटंट मिळाले, तिच्याच वंशातील ही राळ. तिला हे औषध उजळवीत नाही. बरे, लगेच नवे सिमेंट भरावे तर तेही नाही. औषधातील प्राणवायूचा अंश दातात उरतो व राळ घट्ट चिकटत नाही. शिवाय दाताचा रंगही किंचित उतरून मग स्थिरावतो. यास सुमारे दोन आठवडे लागतात. आमच्यापाशी दहाच दिवस! हे आम्हांस कोणी आधी सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

लग्न झाले. छायाचित्रांत ती ओठ मिटून उभी आहे.

पुढे तिच्या सासूबाईंनीच तिला सांगलीतील दंतवैद्याकडे नेले. त्यांनी तिला खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात बसविले. भडक साडीचा रंग डोळ्यांस फसवितो, म्हणून गळ्यावर राखी फडके घातले. दात सुकला की अधिक पांढरा दिसतो, म्हणून तो ओला असतानाच सोळा छटांच्या पट्टीशी ताडून पाहिला. मगच जुने सिमेंट काढले.

दिवाळीस ती माहेरी आली, तेव्हा नवे सिमेंट कोणत्या दातास आहे, हे मला चष्मा लावूनही ओळखता आले नाही.